कुंपणाचं पोट

"तुझं सोपं आहे गं. 'बाहेर' एवढंच लिही," नेरिया म्हणाली आणि हसली. तिच्याबरोबर खोलीतल्या सगळ्या बायका हसल्या आणि बेंटरही हसली, कारण नेरिया काही वाईट बाई नव्हती. उमोजातल्या चर्चच्या मागच्या या खोलीत महिन्याच्या दुसऱ्या रविवारी गावाकडच्या बायका जमत, चहा पीत, आणि नैरोबीत आपल्यातलं कुणी मेलं तर त्याला गावी कसं न्यायचं याची तजवीज करत. गेल्या साली एका बाईच्या मातीवरून दोन घरं भांडली आणि ती बिचारी नऊ दिवस शवागारात पडून राहिली, म्हणून नेरियानं या वर्षी नवा फॉर्म काढला होता. नाव, नवऱ्याचं घर, त्या घरात जागा कुठे, जागा दाखवणारा माणूस कोण, हे प्रत्येकीनं धडधाकट असतानाच लिहून द्यायचं. बेंटरचं अक्षर चांगलं, म्हणून सगळ्यांचे फॉर्म तीच भरत होती. घराच्या डाव्या अंगाला. घराच्या डाव्या अंगाला, सासूशेजारी. घराच्या डाव्या अंगाला, केळीच्या अलीकडे. बायका आपली जागा सांगताना लाजत होत्या, नव्या नवरीनं खोली दाखवावी तशा. शेवटच्या फॉर्मवर तिनं स्वतःचं नाव लिहिलं, बेंटर अपोंदी, आणि पुढच्या रेघेवर पेन थांबलं. ते थांबलेलं नेरियानं पाहिलं आणि तिला गंमत सुचली, एवढंच झालं.

रस्त्यानं घरी जाताना तिच्या लक्षात आलं की आपण अजून हसतोच आहोत. गाल दुखत होते. मटाटू गाडीवाले ओरडत होते, कोपऱ्यावरची बाई मासे तळत होती आणि बेंटर ओठ आवळून चालत होती, पण तो शब्द चपलेत खडा शिरावा तसा पायाखाली येत होता. बाहेर. त्यात नेरियानं नवीन काय सांगितलं होतं? लग्न न झालेली किंवा मोडून आलेली मुलगी बापाच्या घरी मेली तर तिला कुंपणाच्या आत जागा नसते, हे बेंटरला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मुलगी म्हणजे जाणारी. गेली तर तिची जागा तिकडे, नाही गेली तर कुंपणापलीकडे, घाईघाईनं, संध्याकाळी, वर दगड नाही की सिमेंट नाही. हल्ली काही घरं तेवढं कडक वागत नाहीत, आतल्या बाजूला अगदी कडेला चिकटून जागा देतात, पण ते त्या घरच्या पुरुषावर असतं. बेंटरचं लग्न काही दुःखद कारणानं राहिलं नव्हतं. पत्र टाकायचं राहून जावं तसं ते राहून गेलं. एक मास्तर होता, तो बदलून गेला. एक विधुर होता, त्याला तिची नोकरी नको होती. सत्तेचाळीस वर्षं झाली आणि यात आपलं काही बिघडलं असं तिला वाटलं नव्हतं. एका मोठ्या इस्पितळाच्या कागदपत्रांच्या खोलीत ती दिवसभर लोकांच्या फायली शोधून देई. नंबर चुकीचा असो, नाव उलटं लिहिलेलं असो, ती फाइल काढून दाखवीच. आणि आज एका रेघेवर तिचं पेन अडलं होतं. कुलूप उघडताना तिला एकदम वाटलं, मी काही पहिली नाही. आमच्या घरात बाहेर असलेली एक आहेच. तिचंच नाव मला दिलंय. मग ती कुठे आहे?

हा प्रश्न तिला या आधी पडला नव्हता, याची तिला लाज वाटली. अपोंदी आत्या, वडिलांची धाकटी बहीण, चोविसाव्या वर्षी नवऱ्याकडून पळून आली, परत जाईना म्हणून बापानं तिच्याशी बोलणं टाकलं, आणि आठ महिन्यांनी तापानं गेली. आत्याबद्दल घरात एवढंच बोललं जाई आणि तेही आवाज उतरवून. तिचा फोटो नव्हता. त्यानंतर सहा वर्षांनी बेंटर जन्मली आणि तीन दिवस रडत राहिली, छातीला तोंड लावीना. मग रीतीप्रमाणे आजी तिला मांडीवर घेऊन बसली आणि गेलेल्यांची नावं एकेक करून म्हणू लागली, कोण परत येऊ बघतंय ते कळावं म्हणून. पणजीचं नाव झालं, चुलत आजीचं झालं, रडणं चालूच. 'अपोंदी' म्हणताच पोर गप्प झालं आणि दूध ओढायला लागलं. वडील म्हणाले, दुसरं घेऊन बघ की अजून. त्यांना मुलीला ते नाव नको होतं. आजीनं दुसरं घेतलंच नाही. ही गोष्ट बेंटरनं शंभरदा ऐकली होती, आणि लग्नाचं वय उलटल्यावर गावातल्या बायका ती जरा वेगळ्या सुरात सांगू लागल्या होत्या. आज भाजी चिरता चिरता तिच्या मनात आलं की आजीनं ते नाव मूल दमून गप्प व्हायच्या बेतात आलं तेव्हाच घेतलं असेल. आजी, न्यार-गेम, तशीच होती. न्यार-गेम म्हणजे गेमकडची लेक. सासरी साठ वर्षं काढली तरी बाईला माहेरच्याच नावानं हाक मारतात. त्या बाईला जे हवं ते ती भांडून मागत नसे. हळूच करून मोकळी होई.

बेंटरनं भावाला फोन लावला. ओदोयो तिच्याहून चार वर्षांनी धाकटा, वडिलांमागे घर त्याच्याकडे आलेलं. म्हणजे जागा दाखवणारा माणूस तोच.

"कोण आत्या?" ओदोयो म्हणाला. मागे रेडिओ मोठ्यानं लागला होता.

"अपोंदी आत्या. तिला कुठे पुरलंय?"

"अगं ताई, मी जन्मलोसुद्धा नव्हतो. बाहेर कुठेतरी असेल. तिकडे आता ऊस आहे."

"उसात कुठे?"

"मला काय माहीत! तुला हे आज रविवारी कुठून सुचलं? जेवलीस का तू?"

"फाटकाच्या डावीकडे पुरतात ना? फाटक तेव्हा कुठे होतं?"

"फाटक दोनदा हललंय," ओदोयो म्हणाला. मग त्यानं रेडिओ बारीक केला, कारण आता त्याच्या कामाचं बोलणं आलं होतं. "बरं झालं तू फोन केलास. मी भिंत घालतोय. कुंपणाचा शेर सगळा उपटून टाकायचा, पक्की दगडी भिंत. पण ते कुंपण बघितलंयस ना, पोट सुटल्यासारखं. लोक हसतात. मला आजोबांनी आखलं होतं तसं गोल हवंय. तिकडे नैरोबीत जुने नकाशे मिळतात म्हणे, विमानातून काढलेले. तुला कागद शोधता येतात, शोध की."

तिनं शोधला. गुरुवारी अर्धी रजा टाकून ती जमीन मोजणीच्या कचेरीत गेली, खिडकीवरच्या म्हाताऱ्या कारकुनाला गावाचं नाव सांगितलं, आणि तो आत गेल्यावर बाकावर बसून गुडघा हलवत राहिली. तिचा असा गुडघा हलू लागला की इस्पितळातल्या मुली तिला चिडवत, 'बाई शिवणयंत्र चालवायला लागल्या.' आत्याची कबर सापडून काय होणार, हे तिला नीट सांगता आलं नसतं. फुलं ठेवणार होती? सिमेंट लावणार होती? तिला फक्त त्या जागी उभं राहायचं होतं आणि पाहायचं होतं की बाहेर म्हणजे किती बाहेर. तिथून घरातला आवाज ऐकू येतो का. चुलीचा धूर येतो का. आपल्याला जिथे ठेवणार ती जागा जिवंतपणी बघून घ्यावी, एवढा हक्क तर माणसाला असायला हवा, असं ती स्वतःशी बोलली आणि शेजारचा माणूस तिच्याकडे बघू लागला.

कारकुनानं सदुसष्ट सालचा फोटो आणला. जमिनी ज्याच्या त्याच्या नावावर लावून द्यायच्या वेळी वरून विमान फिरलं होतं, आणि बांध वरून दिसावेत म्हणून लोकांना घाईघाईनं कुंपणं लावायला सांगितलं होतं. आजोबांनी तर घराभोवतीचं शेराचं कुंपणही छाटून नेटकं करून घेतलेलं. भिंगातून बेंटरला ते दिसलं: राखाडी शेतांमध्ये एक काळं कडं, आत चार छपरांचे ठिपके.

"तुमचे आजोबा शिस्तीचे दिसतात," कारकून म्हणाला. "ताट पालथं ठेवून काढलंय जणू."

"हो," बेंटर म्हणाली. कडं खरंच गोल होतं. पोट नव्हतं. कड्याच्या बाहेर मावळतीकडे एक झाड एकटंच उभं होतं, त्याची सावली पडली होती. बाकी जमीन कोरी. ती कबर शोधत होती आणि एवढ्या उंचीवरून दोन वर्षांची कबर दिसत नाही, हे तिला समजायला थोडा वेळ लागला. तरी तिनं फोटो मोठा करून घेतला आणि गुंडाळी काखेत मारून बाहेर पडली.

किसुमूच्या बसमध्ये ती गुंडाळी तिनं दोन्ही मांड्यांवर आडवी धरली होती. खिडकीतून चहाचे मळे गेले, मग दरी, मग ऊस. कुंपणाचं पोट. ओदोयोचा शब्द तिच्याबरोबर प्रवास करत होता आणि त्याच्यामागून आजी येत होती, हातात कोयता, पदराला चिकाचे पांढरे डाग. शाळेच्या सुट्टीत गावी आलं की पहिलं काम ठरलेलं: कुंपण. शेराच्या हातभर फांद्या तोडायच्या, दोन दिवस सावलीत टाकायच्या, मग ओळीनं रोवायच्या. जुनी ओळ मोडली म्हणून नवी, असं बेंटर समजे. नवी ओळ अर्धं पाऊल पुढे लागायची, ती रुजली की आतली जुनी ओळ आजी कोयत्यानं बुंध्याशी तोडायची. आजोबा ओसरीवरून म्हणायचे, "लोक गाईला चारतात, आमची बाई कुंपणाला चारते." ते हसायचे आणि मग तोंड दुसरीकडे करायचे. शेजारणी फाटकात उभ्या राहून विचारायच्या, "न्यार-गेम, कुंपणाला कितवा महिना?" आजी म्हणायची, "तुमच्यासारखं नाही, याला वेळ लागतो." आणि फांद्या रोवताना आजीचे डोळे वाहायचे. धारा लागायच्या, हनुवटीवरून खाली, आणि ती पुसायची नाही. बेंटरनं एकदा फ्रॉकच्या टोकानं पुसायला हात नेला तर आजीनं मनगट धरलं. "चिकाच्या हातानं डोळ्याला हात लावायचा नाही. आंधळी होशील. वाहतंय ते वाहू दे." शेराचा चीक डोळ्यांना झोंबतो हे सगळ्यांना माहीत असतं, त्यामुळे विचारण्यासारखं काही नव्हतं.

ती आधी घरी गेली नाही. फाट्यावर उतरून सरळ चर्चमध्ये गेली, कारण घरी गेलं की ओदोयोची बायको जेवायला बसवणार आणि मग संध्याकाळ होणार. चर्चची जुनी पुस्तकं हेझ्रॉनकडे होती. त्याचा बाप त्या काळी उपदेशक होता आणि गावात कोण जन्मलं, कोण मेलं ते लिहून ठेवी. हेझ्रॉनचंच आता वय झालं होतं. त्यानं पुस्तक फडक्यातून सोडलं, चष्मा लावला, आणि बेंटरच्या हाती पुस्तक न देता स्वतः बोट फिरवत राहिला. ती उभी होती, गुडघा हलत होता.

"बस ना बाई," हेझ्रॉन म्हणाला. "मेलेली माणसं कुठे पळून चाललीत?"

"उभीच बरी आहे मी."

"हं. अपोंदी. ओकेचची मुलगी. परत आलेली." त्यानं पुढचं आधी मनात वाचलं, मग मोठ्यानं. "कुंपणाबाहेर, मावळतीला, आठ पावलं. सियालाच्या बुंध्याशी. प्रार्थना केली नाही. आई हजर."

"बाप?"

"बाप हजर असं लिहिलेलं नाही. आई हजर, एवढंच आहे." त्यानं पुस्तक थोडं वळवून तिला दाखवलं. शाई तपकिरी झाली होती. "माझा बाप सगळं लिहायचा. नको ते पण लिहायचा. प्रार्थना केली नाही हे लिहायची काय गरज होती? पण केली नाही तर केली नाही."

"पण सियालाचं झाड बाहेर नाही," बेंटर म्हणाली. "आमचा सियाला आत आहे. अंगणात. आजी त्याच्याखालीच बसायची."

हेझ्रॉननं चष्मा काढला. "मग दुसरा असेल एखादा. माझ्या बापानं पावलं मोजलीत म्हणजे मोजलीत."

दुसरा सियाला नव्हता. ती मागच्या वाटेनं आली आणि घराला बाहेरून वळसा घालत, उसाच्या कडेकडेनं फिरली. एखादा बुंधा, खोडाचा तुकडा, पिवळी फुलं पडल्याची खूण, काहीच नाही. ऊस अंगाला कापत होता. घामानं पाठ भिजली आणि तिला राग आला, हेझ्रॉनच्या बापाचा, आजोबांचा, आजीचासुद्धा. आई हजर! हजर राहून केलंस काय? आठ पावलं मोजताना बघत राहिलीस, दुसऱ्या दिवशी चूल पेटवलीस, आणि मग माझ्या कपाळी तिचं नाव मारलंस. सगळं गाव जिला विसरायला बघत होतं तिला माझ्यात आणून बसवलंस आणि तुझं काम झालं. तिच्या डोक्यात असं भांडण चालू असताना समोर ते कुंपण आलं, मावळतीच्या बाजूनं फुगलेलं, आणि त्याच्या वरून सियालाचा शेंडा दिसत होता. ती फाटकाकडे गेली नाही. एका फटीतून, फ्रॉक घालायच्या वयात शिरायची तशी, अंग चोरून आत शिरली.

अंगणात तिला कुणी पाहिलं नाही. सियालाची फुलं खाली पडली होती, कोंबड्या त्यात टोचत होत्या. बेंटर झाडाखाली बसली. सवयीनं बसली, बुंध्याच्या उजव्या हाताला, तिथे जमीन थोडी खोलगट होती. आजी चटई टाकायची ती इथेच. शेंगा सोलायची तर इथेच, ओमेना मासे वाळत पसरायचे तर इथेच. अंगणात पलीकडच्या कडुलिंबाची सावली याहून गार होती, तरी म्हणायची, "तिकडे नको, इथे बस. आपल्या दोघींपाशी बस." लहानपणी बेंटरला वाटायचं आजीला मोजता येत नाही. पेज पिऊन झाली की भोपळ्याच्या वाडग्यातली तळाची पेज बुंध्याशी ओतायची; विचारलं तर म्हणायची मुंग्यांना. बेंटरनं काखेतली गुंडाळी सोडली, एक टोक गुडघ्यानं दाबलं, दुसरं हातानं. गोल कडं. चार छपरं. आणि मावळतीला, कड्याच्या बाहेर, ते एकटं झाड, ज्याच्या सावलीत ती आता बसली होती.

तिचा गुडघा हलायचा थांबला. ती कागदाकडे बघत होती, मग कुंपणाकडे, मग पुन्हा कागदाकडे. नियम होता की मुलीला कुंपणाच्या आत आणायचं नाही. आजीनं मुलीला हात लावला नव्हता. माती उकरली नव्हती, कुणाशी भांडली नव्हती, चर्चकडे गेली नव्हती. दर वर्षी अर्धं पाऊल. पंचवीस वर्षं, आधी एकटी, मग सुट्टीत आलेल्या नातवंडांना हाताशी घेऊन, शेजारणींची थट्टा ऐकत, ती कुंपणच बाहेर नेत होती. आणि बेंटरनं त्या फांद्या स्वतःच्या हातानं रोवल्या होत्या. तिला ओरडून कुणाला तरी सांगावंसं वाटलं आणि त्याच वेळी भीतीही वाटली, कारण हे उघड झालं की काय होईल याचा अंदाज तिला होता. ती घाईघाईनं थोडी डावीकडे सरकली. मग आपण इतकी वर्षं बरोबर तिच्यावर बसत होतो, आणि तसं बसवलंच होतं, हे ध्यानात येऊन पुन्हा होती तिथे आली.

"अरेच्चा, तू कुठून शिरलीस?" ओदोयो घरामागून आला. हातात दोरीचा गुंडा, काखेत खुंट्या. "फाटक आहे की नाही घराला? आणि हा नकाशा! मिळाला ना? आण बघू. मंगळवारी गवंडी येतोय."

तो उकिडवा बसला आणि कागदावर वाकला. "काय गोल होतं बघ! म्हणजे भिंत इथून जायची. इकडचा सगळा फुगवटा कापायचा. हे झाड पण गेलं, त्याची मुळं पायाला नडतील."

"हे झाड कुठलं आहे ओळख," बेंटर म्हणाली.

"कुठलं?"

"हे. कड्याच्या बाहेरचं."

ओदोयोनं कागद पाहिला. वर पाहिलं. पुन्हा कागद पाहिला, आणि घरांचे ठिपके बोटानं मोजून झाडापर्यंत अंतर धरलं. "सियाला," तो म्हणाला. "पण तो तर..."

"हेझ्रॉनकडच्या पुस्तकात लिहिलंय. कुंपणाबाहेर, आठ पावलं, सियालाच्या बुंध्याशी."

ओदोयो ताडकन उठला आणि दोन पावलं मागे सरला. बेंटर बसली होती त्या जमिनीकडे तो बघत राहिला. "आजी," तो म्हणाला. "मला खड्डे खणायला लावायची. मी म्हणायचो, सरळ खण की गं. म्हणायची, सरळच आहे, तुझे डोळे तिरळे."

"माझ्याकडून फांद्या."

"ताई, हे चांगलं नाही झालं," ओदोयो म्हणाला. "परत आलेली मुलगी आत म्हणजे दोष लागतो. माझी पोरं इथे खेळतात. इथेच! आणि मला कुणी सांगितलं नाही."

"लागला का दोष?"

"म्हणजे?"

"आजी जाऊन चोवीस वर्षं झाली. त्याच्या आधीच ही आत आलेली. तुझं लग्न झालं, तीन पोरं झाली, एक तरी आजारी पडलं का धड? ऊस येतोय, गाई वितायत. दोष लागायचा तर एवढा वेळ कुठे चहा पीत बसला होता?"

ओदोयो हसला नाही. "तुला बोलायला काय जातंय. तू नैरोबीला असतेस. उद्या भिंत घालताना गावातली म्हातारी विचारतील, हे इतकं बाहेर का घेतलं. काय सांगू? मी जुन्या रेघेवर भिंत घालतो म्हणजे कुणाचं काही बोलणंच नको. ती जिथे पुरली तिथेच राहील. कबरीला तर आपण हात लावत नाही ना?"

हे खरं होतं. कबरीला हात न लावता आजीनं तिला आत घेतलं होतं आणि कबरीला हात न लावता ओदोयो तिला बाहेर काढू शकत होता. दोघंही नियमात. त्यासाठी लागणारी रेघ नैरोबीहून बेंटरनंच आणून दिली होती, मांडीवर धरून, सुरकुती पडू न देता. तिला आपल्या त्या नीटनेटक्या हातांचा संताप आला. जन्मभर लोकांना कागद शोधून दिले आणि हा एक हरवला असता तर बरं झालं असतं. तिनं गुंडाळी केली, पण आता त्याचा उपयोग नव्हता, त्यानं पाहिलं होतं. ओदोयो खुंट्या घेऊन मोजत चालला. त्याची पाठ तिला बापासारखी दिसली. त्यानं पहिली खुंटी सियालाच्या आतल्या बाजूला ठोकली, दुसरी त्याच बाजूला थोडी पुढे, आणि मध्ये दोरी ताणली. दोरीच्या या बाजूला अंगण, त्या बाजूला झाड आणि झाडाखाली बेंटर. मान वर करून तिनं ती दोरी पाहिली. म्हणजे बाहेर हे असं दिसतं तर. चुलीचा धूर येत होता, ओदोयोच्या बायकोचा पोरांवर खेकसण्याचा आवाज येत होता, सगळं ऐकू येत होतं.

ती उठली. कोठीच्या छपरात आजीचा कोयता खोचलेला असे तिथे दुसराच कोयता होता, तो घेतला. कुंपणापाशी जाऊन शेराच्या जाड फांद्या तोडू लागली. शेराला धार लागताच चीक उडाला, तिच्या बोटांवर, मनगटावर, बसमध्ये नीट जपलेल्या ब्लाउजवर. आजी फांद्या दोन दिवस सावलीत सुकू द्यायची. बेंटरला तेवढा धीर नव्हता. पाच-सहा फांद्या कवळ्यात धरून ती आली तशीच फटीतून बाहेर गेली, फुगवट्याच्या पलीकडे, उसाच्या कडेला, आणि कुंपणापासून एक पूर्ण पाऊल मोजून कोयत्याच्या टोकानं माती उकरायला लागली. अर्धं पाऊल नाही, पूर्ण. माती कडक होती. पहिली फांदी तिनं रोवली, टाचेनं दाबली. दुसरी रोवली.

ओदोयो कुंपणाच्या आतून तिला फटीतून पाहत उभा राहिला. मग फाटकातून वळसा घालून बाहेर आला.

"हे काय चाललंय?"

"कुंपण."

"मंगळवारी मी हे सगळं उपटणार आहे."

"उपट."

तिनं तिसरा खड्डा उकरला. ओदोयोनं तिची ओळ पाहिली, मग मागचं फुगलेलं कुंपण, मग त्याच्या वरून दिसणारा सियालाचा शेंडा. तो हिशेब लावत होता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"पण एवढं बाहेर कशाला?" तो अखेर म्हणाला. "आत्या तर केव्हाच आत आलीये. आजीनं आणलंच की तिला. मग हे एक पाऊल अजून कुणासाठी?"

बेंटर ताठ उभी राहिली. कंबर भरून आली होती. सबंध रविवार, गुरुवार, आणि आजचा दिवस तिला जे म्हणायचं होतं ते इतकं थोडं होतं याचं तिला नवल वाटलं.

"तिच्याशेजारी मी कुठे मावणार?" ती म्हणाली.

ओदोयोनं तिच्याकडे पाहिलं. सत्तेचाळीस वर्षांच्या बहिणीकडे तो बहुतेक पहिल्यांदाच असं पाहत होता, आणि त्याला जे दिसलं त्यानं तो घाबरला असावा, कारण तो परत फिरला. कुंपणाच्या फटीतून तिला त्याचे पाय दिसत होते. ते दोरीपाशी थांबले. थोड्या वेळानं त्यानं एक खुंटी हलवून सैल केली आणि उपटली. दोरी जमिनीवर पडली. खुंटी हातात घेऊन तो तिथेच उभा राहिला, ती कुठे ठोकायची हे त्याला ठरवता येत नव्हतं.

बेंटरनं चौथी फांदी रोवली. तिच्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, हनुवटीवरून ब्लाउजवर पडत होत्या, समोरचा ऊस नीट दिसत नव्हता. हाताला चीक होता, म्हणून तिनं ते पुसले नाहीत.